पाटीवरचा तेरावा नियम

...आणि वर सगळ्यांना सांगतात, सूनबाई काही बोलतच नाही. आता तुम्हीच सांगा, जेवणाच्या टेबलासमोर बारा नियमांची पाटी, चार स्क्रूंनी भिंतीत आवळलेली, आणि त्यात पाचवा नियम 'जेवताना कामापुरतेच बोलावे' असा, तर नवी सून काय व्याख्यान देणार? सासरे लिफ्ट तपासनीस होते. चौतीस वर्षं लिफ्टमध्ये 'सहा माणसांपेक्षा जास्त नकोत' अशा पाट्या लावल्या, निवृत्त झाले, आणि हात शिवशिवायला लागले म्हणून एक घरी लावली. नियम म्हणजे नियम, म्हणतात. लिफ्टच्या दोराला सवलत कळत नाही.

तर झालं काय, मला घड्याळदुरुस्तीच्या वर्गात जागा मिळाली. लग्नाआधीपासून नंबर लावून बसले होते हो. जागा अकरा, अर्ज दोनशे, वर्ग संध्याकाळी सात ते नऊ. आणि पाटीवर नियम चार: 'रात्री आठ वाजता सर्वांनी एकत्र जेवावे.' सोमवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवऱ्याला म्हटलं, तू विचार ना. तर म्हणतो, "तूच विचार, मी आहेच." होता की, ताटात मान घालून.

पण मी काही उगाच गप्प बसत नव्हते, पाटी वाचत होते. शेवटचा नियम, बारा: 'प्रत्येक नियमाला अपवाद असतो.' मी हळूच म्हटलं, "बाबा, मग चौथ्यालाही असेलच ना?"

सासऱ्यांचा घास थांबला. "बारावा हाही नियमच ना, सूनबाई?"

"हो."

"मग त्यालाही अपवाद हवा. म्हणजे अपवाद नसलेला एक तरी नियम हवा."

"हो..." कशाला हो म्हटलं कोण जाणे.

"तो चौथा. नियम म्हणजे नियम."

तुम्हाला सांगते, रडू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. एका ओळीने स्वतःचाच दंड धरून स्वतःला घराबाहेर काढावं, आणि जाता जाता माझा वर्गही घेऊन जावं? भांडी पुसताना तेच घोळत राहिलं, बारावा खरा मानला तर त्याला अपवाद, अपवाद आहे तर 'प्रत्येक' खोटं, म्हणजे तो खरा असला की खोटा ठरतो... घड्याळाचं झाकण उघडावं आणि आतल्या चक्रात आपलाच चेहरा गरगरताना दिसावा, तसं झालं. जागा हातची चालली होती आणि मी थक्क होऊन तीच ताटली पुसतेय. असं कुणाचं होतं का?

तेवढ्यात सासूबाई, ज्या इतकी वर्षं त्या पाटीसमोर मुकाट जेवल्या, हात पुसत म्हणाल्या, "अहो, आठ वाजता लिहिलंय, एकत्र लिहिलंय. घरातच, असं कुठे लिहिलंय?"

सासऱ्यांनी चष्मा लावला. स्वतःचीच पाटी शेजाऱ्याची असल्यासारखी दोनदा वाचली. आणि मान खाली घातली.

तेव्हापासून सोम, बुध, शुक्र, आठला वर्गाची मधली सुट्टी झाली की घरचे तिघं डबे घेऊन हजर. पहिल्या दिवशी आत बाकावर बसलो, तर मास्तर म्हणाले, "बाहेरच्यांना आत जेवायला मनाई आहे." सासरे इतके खूश झाले, म्हणाले, "नियम म्हणजे नियम," आणि सगळ्यांना फाटकाबाहेरच्या पायरीवर नेऊन बसवलं. पाचव्या नियमामुळे गप्प. येणारे-जाणारे समजतात, कुणीतरी आजारी आहे.

आणि काल बघते तर पाटीखाली नवी पट्टी, दोन स्क्रू: 'नियम तेरा: ही पाटी सुनेने वाचू नये.'

आता हा पाळायचा कसा? पाळायला कळायला हवा, कळायला वाचायला हवा, आणि वाचला की मोडला. "बाबा," मी म्हटलं, "हा तर..."

"वाचलास ना?" सासरे समाधानाने म्हणाले. "मोडलास."

हल्ली मी पाटीकडे पाठ करून जेवते. उपयोग शून्य, सगळी तोंडपाठ आहे.