घट बसले आणि समुद्र कलला

(नेरूळ, १९९६. नवरात्रातला शुक्रवार, सकाळची वेळ. तळमजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल. मधोमध आभासी खेळाचं, गोल कठड्याचं एक मशीन, त्याला टांगलेलं जाडजूड हेल्मेट, बाजूला टीव्हीचा पडदा. ‘मुलगी बघायच्या’ कार्यक्रमासाठी अबोलीच मुलाच्या, ऋषीच्या घरी आली आहे. तिचे काका फोन करायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलेत. ऋषीची आई सरस्वतीबाई स्वयंपाकघरात आहे.)

ऋषी: गजरा काढावा लागेल. सॉरी हां. नायतर पट्टा बसत नाय.

अबोली: काकीनं सोळा पिना लावल्यात या गजऱ्याला. मुलगी बघायला बोलावून गजरा उतरवणारं हे पहिलंच घर.

ऋषी: नको असेल तर राहू दे. जबरदस्ती नाय. पोहे खाऊ, गप्पा मारू, तुमचे अरविंदकाका फोन करून आले की संपलं.

अबोली: काढते. पण आधी हेल्मेटच्या आत बघू द्या. हात घालायच्या आधी आत बघायचं, ही रबाळ्याच्या माझ्या कंपनीतली सवय. हे काय आहे?

ऋषी: फोम. कपाळाला टोचू नये म्हणून.

अबोली: फोम दिसतोय. फोमला तीन टिकल्या चिकटल्यात. एक मरून, एक हिरवी, एक खड्याची.

ऋषी: आईशप्पथ, मला माहीत नव्हतं.

सरस्वतीबाई: मरून ती ठाण्याची. तिला गरगरलं. हिरवी म्हणाली, विचार करून कळवते. दोन महिने झाले, अजून विचारच चाललाय. आणि खड्याची ती अशी किंचाळली, की वरचे दिलीपराव लुंगीवर धावत खाली आले.

ऋषी: आई, पोहे आणलेस ना? ठेव आणि जा.

सरस्वतीबाई: ठेवते रे. घे गं बाळ. नवरात्रात आमच्याकडं कांदा शिजत नाही, त्यामुळं हे बिनकांद्याचे कांदेपोहे. गोड मानून घे. पाण्याचा तांब्या इथं ठेवते. आणि आलेच आहे तर सांगूनच जाते.

ऋषी: आई, नको.

सरस्वतीबाई: का नको? तिच्यापासून काय लपवायचं? ती काय परकी आहे?

ऋषी: परकीच आहे! अर्ध्या तासापूर्वी आलीय ती!

सरस्वतीबाई: अगं, यानं बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि सहा महिन्यांपूर्वी एका प्रदर्शनातलं हे जुनं धूड उचलून आणलं. मशीनसाठीचा वाशीचा गाळा दिवाळीनंतर मिळायचाय, तोवर माझा हॉल आहेच. तीन मुली नाही म्हणाल्या. मग मी देवीसमोर कबूल करून घेतलं त्याच्याकडून. चौथीही या मशीनपायी नाही म्हणाली, तर हे विकायचं आणि मुकाट्यानं नोकरी शोधायची. चौथी तू.

अबोली: म्हणजे माझ्या एका नकारात मुलगाही जाणार आणि मशीनही?

सरस्वतीबाई: मुलगा कुठं जातोय? तो इथंच असणार, डोक्याला ताप.

अबोली: हे बरोबर नाही केलंत काकू. मी मुलगा बघायला आले होते. आता याची जन्मभराची हळहळ माझ्या डोक्यावर, आणि वर हे हेल्मेट.

ऋषी: एकदम बरोबर बोललात. मलापण पटलं नव्हतं. पण हिनं दोन दिवस घरात चहा टाकला नाय. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मशीनचा विचारच करू नका.

अबोली: आता मशीनचाच करणार. द्या इकडे. माझी टिकली मी काढून ठेवते, चौथी नको आत. मशीनच्या या खांबाला लावली तर चालेल?

ऋषी: चालेल की.

सरस्वतीबाई: मी पार्टिशनच्या पलीकडं देवाशी बसते. जपाची माळ राहिलीय. मला काही ऐकू येत नाही तिथं.

ऋषी: हे पिस्तूल हातात धरा. खालचं बटण दाबलं की पुढे जाल. वरचं दाबलं की गोळी.

अबोली: सगळा अंधार आहे. वजन किती याचं? मान मोडते की काय... थांबा. आलं. अगं बाई!

ऋषी: काय दिसतंय?

अबोली: पाणी. होडी आहे, लाल, खोक्यांची बनवलेली. पक्षी त्रिकोणी आहेत. माझा हात कुठं गेला? हा इथं. तीनच बोटं दिसतायत.

ऋषी: पाच बोटांना अजून दणकट कॉम्प्युटर लागतो. आता मागे वळून बघा.

अबोली: मागे तुमचं शोकेस आहे.

ऋषी: वळा तर खरं.

अबोली: नाहीये. शोकेस नाहीये. मागेही पाणीच. भिंत गेली तुमची.

ऋषी: कसलं भारी ना? आता पक्षी मारा. एकाला दहा पॉइंट.

अबोली: मला नाही मारायचे. जरा वेळ गप्प राहाल का?

ऋषी: राहतो.

(अबोली सावकाश स्वतःभोवती फिरते.)

ऋषी: ठीक आहात ना?

अबोली: ठीक आहे. आमच्याकडे दोन खोल्यांत सात माणसं. शेवटची मी एकटी कधी होते, ते आठवतेय. आठवत नाही. इथं कुणीच नाही. तुमचा गेम अगदी रद्दी आहे हो, पण बरं वाटतंय.

ऋषी: तेच! तेच तर मला लोकांना सांगता येत नाय! आमी परळला होतो, दहा बाय बाराची खोली. हात पसरला की कुणाच्या तरी नाकाला लागायचा. त्या प्रदर्शनात पहिल्यांदा हे घातलं आणि समोर भिंतच नव्हती. सत्तावीस वर्षांचा घोडा मी, आत रडलो. हेल्मेट असलं की कुणाला दिसत नाय, तो एक फायदा.

अबोली: हे त्या तिघींना सांगितलं होतंत?

ऋषी: छे. त्यांना मी पॉइंट कसे मिळतात ते सांगितलं.

अबोली: मग नकार बरोबर आला.

ऋषी: पण बघा तुम्ही, दहा वर्षांत हे चष्म्याएवढं होईल. प्रत्येक घरात एक. तुम्ही इथं, तुमची मैत्रीण नागपूरला, आणि दोघी एकाच खेळात शेजारी शेजारी. बोटं पाच. पक्ष्यांना पिसं.

अबोली: दहा वर्षांत?

ऋषी: पंधरा धरा.

अबोली: आणि नाही झालं तर? असं कधी मनात येतं?

ऋषी: रोज. सकाळी दात घासताना. तोंड धुतलं की जातं.

अबोली: बरं, एक विचारू? तुमचा समुद्र डावीकडे का सांडतोय?

ऋषी: दिसलं तुम्हाला?

अबोली: होडी चढावर आहे. पाय सांगतायत तू सरळ उभी आहेस, डोळे सांगतायत पडशील. मी कठडा धरलाय.

ऋषी: काढा, काढा. ते स्टुलावर ठेवा. बसा. पाणी प्या. आधी असं नव्हतं हो. त्या तिघींच्या वेळी एकदम सरळ होतं. रविवारपासून हे सुरू झालंय. तीनदा खोलून बघितलं. हे दुरुस्त करणाऱ्या बंगलोरच्या माणसाला फोन केले. तो म्हणतो, पाठवून द्या, दोन महिने लागतील. नेमकी आज तुम्ही येणार होता, आणि नेमका आज समुद्र तिरका.

अबोली: आधी का नाही सांगितलंत?

ऋषी: वाटलं, नाय दिसणार. नव्या माणसाला काय कळतंय, तिरकं की सरळ.

अबोली: मी चार वर्षं मोजमापाची यंत्रं तपासते. माझं पोट त्यावरच चालतं. हेल्मेटला कळतं कसं, मी कुठं बघतेय ते?

ऋषी: ही मागची पेटी बघितली? हिच्यात चुंबक आहे, विजेवर चालणारं. हेल्मेटमध्ये तिचा जोडीदार. पेटी हाक मारते, तो ओ देतो. त्यावरून ठरतं डोकं कुठं आहे ते.

अबोली: आणि दोघांच्या मधे तिसरंच कुणी बोललं तर? आमच्या कंपनीत एका यंत्राचा काटा दर मंगळवारी वेड्यासारखा करायचा. महिनाभर आम्ही काट्यालाच शिव्या घातल्या. शेवटी कळलं, दर मंगळवारी पलीकडच्या खोलीतलं लोखंडी कपाट झाडायला पुढे ओढतात. हा तांब्या ठेवते इथं, पेटीशेजारी. रविवारी घरात काय नवीन आलं?

ऋषी: काहीच नाय. रविवारी... अरे! अरे, हे काय केलंत?

अबोली: पाणी प्यायले. तांब्या ठेवला.

ऋषी: पडद्यावर बघा, हेल्मेटमधलंच दिसतं तिथं! हेल्मेटला कुणी हात लावला नाय, आणि समुद्र सरळ झाला!

अबोली: मी तांब्या उचलते. बघा.

ऋषी: परत कलला.

अबोली: ठेवते.

ऋषी: सरळ! आयला. म्हणजे, सॉरी.

अबोली: असू दे. तांब्या खऱ्या तांब्याचा दिसतोय. रविवारी घरात तांब्याची कुठली मोठी वस्तू आली? नीट आठवा.

ऋषी: तांब्याची? काहीच नाय आलं.

सरस्वतीबाई: अरे, रविवारी घट बसले की!

ऋषी: तुला ऐकू येत नव्हतं ना?

सरस्वतीबाई: तेवढंच आलं.

अबोली: काकू, कुठं बसलाय घट?

सरस्वतीबाई: हा काय इथं, पाटावर, पार्टिशनला टेकून. माझ्या सासूबाईंचा तांब्याचा कलश आहे. तीन तांबे पाणी मावतं त्यात.

अबोली: आणि ही पेटी पार्टिशनच्या या बाजूला. मधे वीतभर अंतर.

ऋषी: पण तांब्याला चुंबक चिकटत नाय. चौथीत शिकलोय.

अबोली: चिकटत नाही. पण हे चुंबक सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होतं ना? मग जवळच्या तांब्यात आपोआप वीज फिरायला लागते, आणि ती त्या हाकेत लुडबुड करते. कलश एका बाजूनं लुडबुड करत होता. मी दुसऱ्या बाजूला तांब्या ठेवला.

ऋषी: बंगलोरच्या माणसाला हे जन्मात सुचलं नसतं.

अबोली: त्यांच्याकडे हॉलमध्ये घट बसत नसेल.

ऋषी: आई, ऐक ना. फक्त दोन फूट. कलश जरा तिकडं सरकव.

सरस्वतीबाई: बोललास ते बोललास, पुन्हा बोलू नकोस. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तुझ्या वेळी अष्टमीला कळा सुरू झाल्या, दारात टॅक्सी उभी, तरी आधी दिव्यात तेल घातलं आणि मग निघाले मी.

ऋषी: मग मशीन हलवायचं? ते लादीत बोल्टनं ठोकलंय!

अबोली: कुणालाच हलवायचं नाही. घट तिथं, मशीन इथं, आणि हा तांब्या पेटीशेजारी. एवढंच. तुम्ही पडद्याकडे बघा, मी सरकवते. बोटभर पुढे?

ऋषी: थोडं अजून. नाय, जास्त झालं. मागे. मागे. बस!

अबोली: हलवू नका आता. काकू, हा तांब्या आम्हाला लागणार. दसऱ्यापर्यंत स्टीलच्या तांब्यातलं पाणी प्या.

सरस्वतीबाई: पिते बाई. पण मला एक सांग, या एवढ्या खटाटोपात दिसतं तरी काय?

अबोली: म्हणजे? तुम्ही कधी घातलंच नाही?

सरस्वतीबाई: छे! मी कशाला घालतेय ते खूळ?

अबोली: सहा महिने हॉलमध्ये आहे, विकायची शपथ घेऊन झाली, आणि बघितलं नाही? या इकडे. चष्मा काढा. अंबाडा जरा सैल करा.

सरस्वतीबाई: अगं, माझं कुंकू लागेल आत.

अबोली: लागू दे. टिकल्या होत्याच.

सरस्वतीबाई: काही दिसत नाही... अगंबाई! माझा हॉल कुठं गेला? ऋषी, अरे, दिवा विझला का रे?

ऋषी: दिवा आहे आई. सगळं जिथल्या तिथं आहे. तू फक्त बघ.

सरस्वतीबाई: केवढं मोठं आहे हे! मागेपण आहे...

ऋषी: आई?

अबोली: थांबा. बोलू नका.

सरस्वतीबाई: इथं कुणी हाक मारत नाही, नाही का रे?

ऋषी: नाय, आई.

सरस्वतीबाई: परळला असताना हवं होतं हे. भांडी घासून झाली की दहा मिनिटं.

अबोली: ऐकलंत? ते पक्षी काढून टाका, पिस्तूल ठेवून द्या. वाशीच्या गाळ्यावर पाटी लावा, ‘पंधरा मिनिटं एकटे’. घराघरातल्या बायका रांग लावतील. मुलांना गोळ्या झाडायला संध्याकाळ ठेवा.

ऋषी: तुम्ही... हे सगळं तुम्ही का सांगताय मला?

अबोली: कारण मशीनपायी मी नाही म्हणणार नाही. एवढं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमची शपथ सुटली. ते विकू नका. आणि मशीनसाठी हो पण म्हणणार नाही.

ऋषी: म्हणजे आता राहिलो मी.

अबोली: राहिलात तुम्ही. समुद्र तिरका आहे हे लपवणारे.

ऋषी: पुन्हा नाय लपवणार. काहीच.

अबोली: बघू. बाहेर काकांचा आवाज येतोय. मी गजरा माळते, तुम्ही लक्ष द्या. दसऱ्याला घट उठले की पेटीजवळचा तांब्याही लगेच उचलायचा. नाहीतर समुद्र उजवीकडे सांडेल.

ऋषी: लक्षात ठेवतो.

अबोली: विसराल.

ऋषी: आता लपवायचं नाय ठरलंय, म्हणून सांगतो. विसरेन, बहुतेक.

अबोली: काकू, तुमच्याकडे घट किती वाजता उठतात?

सरस्वतीबाई: नऊच्या आत. का गं? आणि हे डोक्यावरचं काढायची घाई करू नका रे कुणी.

अबोली: मग मी साडेआठला येते. टिकली तोवर खांबावरच राहू द्या.