पुढे आपलाच माणूस आहे

बसा मंडळी, बसा! गाड्या नीट लावल्यात ना? मग आधी एक प्रश्न. माणसानं पुण्य केलं, खरंखुरं पुण्य हं, तर रस्ता त्याच्या मालकीचा होतो का? 'नाही' म्हणालात! फार पटकन म्हणालात. थांबा, आख्यान ऐका.

तुमच्या ह्याच कॅलिफोर्नियात एक मुकुंदराव होते. नाव बदललंय, माना वळवून शोधू नका! सज्जन माणूस. पंगतीत वाढायला सगळ्यात पहिले. त्यांनी हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोल कमी, धूर कमी! सरकार म्हणालं, शाब्बास! हे घ्या स्टिकर, एकटे असलात तरी कारपूल लेनमधून जा. एरवी त्या लेनला गाडीत दोन माणसं तरी लागतात. आमच्याकडे एका जीपमध्ये पंधरा बसतात, आमचा अख्खा रस्ताच कारपूल!

त्या गाडीत एक पडदा होता. हळुवार चालवलं की पडद्यावरच्या वेलीला हिरवी पानं फुटायची. जरा पाय दाबला की गळायची. झालं! पानांचं वेडच लागलं. कामावर पोचले की पडद्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर! बायको म्हणायची, "अहो, रस्त्याकडे बघा, वेलीकडे काय बघताय?"

"अगं, पृथ्वी वाचवतोय मी!"

आता पृथ्वी वाचवणाऱ्याला कोण बोलणार?

एके सकाळी काय झालं — उजवीकडच्या सगळ्या लेन तुंबलेल्या. कारपूल लेनमध्ये पुढे रस्ता मोकळा, आणि मुकुंदराव आपले वरातीतल्या घोड्यासारखे चाललेत! मागच्या गाडीनं दिवे मारले. एकदा, दोनदा. "हं! आले घाईवाले!" मग फोन वाजला. घेतला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, नियम! बरोबरच आहे हो नियम. लेनच्या कडेला जोडरेघ असते, ती ओलांडायची नसते; पुढे ती तुटली, बाजूला व्हायची जागा आली. झाले का बाजूला? छे! "हक्काची लेन आहे माझी." आरशात नजरसुद्धा टाकली नाही. का? तर वेलीला शेवटचं पान फुटत होतं!

कामावर पोचताच ग्रुपवर फोटो गेला; मघाचा फोन कुणाचा, ते बघायचं राहिलंच. "आज वेल भरली!"

दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर बातमी आली. गिरीश टिकेकरचे वडील वाईत वारले. गिरीश म्हणजे मुकुंदरावांचा जिवाभावाचा मित्र. वडील अत्यवस्थ असल्याचं कळताच तो विमानतळाकडे धावला होता. पण विमान चुकलं! पुढचं मिळेपर्यंत म्हाताऱ्यानं डोळे मिटले. शेवटपर्यंत विचारत होते हो, "गिरीश आला का?" तोंडात पाणी घातलं ते शेजाऱ्यानं.

गिरीश परत आला तसे मुकुंदराव भेटायला गेले. "फार वाईट झालं रे. विमान चुकलं कसं?"

गिरीशची बायको सुमेधा उठून आत निघून गेली. गिरीशनं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मग म्हणाला, "मुकुंदा, आम्ही तुझ्या मागेच होतो. गाडी सुमेधा चालवत होती. फोन मी करत होतो."

"अरे देवा! तू..."

"तुझी गाडी दिसली तेव्हा हायसं वाटलं रे मला. सुमेधाला म्हटलं, घाबरू नको, पुढे आपलाच माणूस आहे. सरकेल तो."

मंडळी, तो चिडला असता तर बरं झालं असतं! चार शिव्या दिल्या असत्या तर मुकुंदरावांना निदान रडता आलं असतं. घरी येऊन त्यांनी नखांनी ते स्टिकर खरवडून काढलं. पण त्यानं काय होणार? वाईचा म्हातारा परत विचारायला येणार आहे का?

पुण्य खोटं नव्हतं हो. धूर खरंच कमी झाला होता. चुकलं ते एवढंच, की मागे माणूस आहे हे विसरले.

आता आरती होईल, प्रसाद घ्याल, गाड्या काढाल. मघाशी मोठ्यानं 'नाही' म्हणालात ना? मग मागून कुणी दिवे मारले तर कपाळाला आठ्या घालू नका. आधी आरशात बघा. मागे कुणीतरी आपल्या माणसाला धीर देत असेल — घाबरू नको, पुढे आपलाच माणूस आहे.