शेजारचा रेडिओ

दाताच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकेकाळच्या शेजारणी, बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या.

"एकटी कशाला राहतेस त्या इमारतीत? परत गल्लीत ये. आमची मागची खोली रिकामीच आहे."

"बघू, वहिनी."

"बघू काय! तशी माणसं मिळतात का आता? एका घरात कोणी शिंकलं, तर चार घरांत कळायचं."

"हो ना. भिंतीला भिंत आपली. आमच्या ह्यांचा आवाज चढला, की तुमचा रेडिओ लागायचा."

"अगं, मुद्दाम लावायचे मी! भाऊजींचा हात उठला, की बातम्या असोत नाहीतर गाणी, आवाज मोठा. उद्या नळावर तुला आमच्याकडे बघायला लाज वाटू नये म्हणून. इतकं जपायचो तुला!"

"हं."

"तिथे कोण ओळखतं तुला?"

"कोणीच नाही. परवा हातातून पातेलं पडलं, तर शेजारची मुलगी दार ठोठावायला लागली. उघडेपर्यंत हलली नाही."

"कोण गं?"

"नाव नाही माहीत."

"भोचक मेली! आपल्या गल्लीत असं कधी कोणी केलं का?"

"नाही, वहिनी. कोणीच नाही. ती खोली तुम्ही भाड्याने देऊन टाका."