अंधारात थांबलेली पंगत

ऐका. मध्येच कोणी खोकायचं नाही. गोपाळराव, तुम्ही तर नाहीच.

आपल्या गावचे भिक्षुक त्र्यंबकभट खांबेटे सड्याच्या कातळमाळापलीकडची पूजा आटोपून रात्री एकटेच घरी निघाले. यजमानीण म्हणाली, "भटजी, राहा हो आज. वाटेत ती ओस ब्राह्मणआळी लागते." भटजी म्हणाले, "ब्राह्मणाला ब्राह्मणांची कसली भीती?" शिकलेला माणूस! असाच फसतो.

ती आळी तुम्ही पाहिलीय ना? साथीत ओस पडली. नुसती जोती उरलीत. भटजी तिथं पोचले, तर काय? जोत्यांच्या मधोमध अंगण सारवलेलं! केळीची पानं मांडलेली! वीस-पंचवीस ब्राह्मण उघड्या अंगानं, सोवळं नेसून बसलेले! अन् उजेड? एक पणती नाही. उजेड फक्त भटजींच्या कंदिलाचा!

"यावं, यावं!" एक म्हातारे यजमान पुढे आले. "एक पान रिकामंच आहे. कंदील असा पानासमोर ठेवा."

शहाणा माणूस पळाला असता. त्र्यंबकभटांनी पाय धुतले. पूजेचं जेवून चार तासही झाले नव्हते, बरं का. पण मांडलेलं पान सोडून जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बसले. आपोशन घेतलं. झालं! आपोशन घेतल्यावर पंगत सोडून उठायचं नाही, हा आपला नियम.

लाडू आले. चार खाल्ले, तर पानात पाच! "अहो, पुरे!" म्हणून वर बघतात, तर वाढपी पंगतीच्या त्या टोकाला, आणि त्याचा हात या टोकाला!

हातातला लाडू पानात ठेवला. भटजींनी शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याचं जानवं उजव्या खांद्यावर. पलीकडच्याचं? उजव्या खांद्यावर. अख्ख्या पंगतीचं! आणि आपण ते तसं कधी घेतो? पितरांचं करताना!

"घाबरू नका," शेजारी म्हणाला. "मीही असाच वाटसरू होतो. सवय होते. तुमचंही निघालंय बघा."

खरंच! भटजींचं जानवं सापासारखं सरकत होतं! डाव्या खांद्यावरून मानेकडे! खाली ओढलं. पुन्हा चढलं!

"पुरतं पलीकडे आलं की तुम्ही आमचे," यजमान हसले. "अजून एक लाडू?"

तेव्हा कुठे भटजींना युक्ती सुचली. जेवताना दिवा गेला तर ब्राह्मण हात थांबवतो. दिवा लागेपर्यंत घास घेत नाही, जागचा हलत नाही. त्यांनी कंदिलाची काच उचलली आणि फू!

काळोख! सगळे हात जागच्या जागी थांबले. वाढप्याचा तो लांबलचक हातसुद्धा! मेले, तरी नियम मोडेनात. मोडला तो आमच्या भटजींनी. जन्मात पहिल्यांदा भरल्या पानावरून उठले आणि धोतर सावरत पळत सुटले. मागून हाका, "अहो, दिवा लावा! आम्हाला पेटवता येत नाही! भुकेले बसलोय हो!"

घरी पोचले तेव्हा जानवं मानेपाशी अडकलेलं. बायकोनं विचारलं, "पान वाढू?" भटजी दारातच आडवे!

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. फेरा पडला तरी खाडीकडून जा. ती मंडळी अजून तशीच बसली आहेत, हात थांबवून, उजेडाची वाट बघत. आणि गोपाळराव, कधी चुकून गेलातच, तर विडीसाठीसुद्धा काडी ओढू नका.