ओसरीचा फोटो

— नाही, बसा हो, बसायला कुठे पैसे पडतात, पण ही फाइल परत न्या. काही पुढे जायची नाही ती. का म्हणजे? पान सतरा. ‘काम सुरू करण्याआधीचे फोटो.’ आहेत? नाहीत. मग? जुनं घर होतं तसं उभं केलं तर सरकार करात सवलत देतं, मिसेस टॉलिव्हर, आणि तुम्ही पुढची अख्खी ओसरी उपटून कचऱ्याच्या कंटेनरमध्ये घातलीत! कुजली होती, कबूल. पण आधी फोटो, मग हातोडा. तुमच्या जावयाला वाटलं, आधी साफसफाई, मग अर्ज. हुशारच तो.

मी थांबवायला हवं होतं? वा! कंटेनर आला तेव्हा मी समोरच गाडीत होते, खरंय — तासभर होते, सँडविच खात. पण अर्जच नव्हता तर सल्ला कुणाला द्यायचा? नियम आहे.

रडू नका हो. आज पाचला मुदत संपते, सवलत नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर घर विकायचं — ठाऊक आहे मला. विकाल तेव्हा आधी मला सांगा. नाही, सहज म्हटलं. गावात अजून त्याला व्हॉस हाउसच म्हणतात, आणि ही टेबलावरची पाटी वाचा — लोरेन व्हॉस. तुमची आई आमचं धुणं करायची तिथे. गुणी बाई. मागच्या दाराने यायची, मागच्या दाराने जायची. तुम्हाला ओसरीची काय किंमत असणार, चढलात कधी? कठड्याला अडतीस छोटे खांब होते, हाताने कातलेले, मधोमध डाळिंब कोरलेलं. डावीकडचा तिसरा माझ्या भावाने बॉलने फोडलेला. एक फोटो असता, नुसता एक, कुठल्याही सालचा, तर सुताराने तश्शी ओसरी करून दिली असती आणि मला मुकाट्याने शिक्का मारावा लागला असता. पण नाही ना —

काय? माझ्या मागे भिंतीवर काय बघताय? ती — ती माझी आजी आहे. केक कापतेय. असेल मागे कठडा, कुठला तरी कठडा. मोजताय काय? बसा खाली! तो सरकारी कागद नाही, माझ्या घरचा फोटो आहे, खिळ्यावरून काढून पर्समध्ये घालीन — हा घातला. झालं? जा आता. माझी जेवणाची सुट्टी सुरू झाली. आणि पुढच्या दाराने नको, पॉलिश ओलं आहे. मागे एक दार आहे.