तन्वीचा सर्व्हे

— अहो नको नको मॅडम, त्या बाकावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, गावातल्या माणसांना माहीत असतं कुठे टेकायचं ते, तुम्ही पडाल. हां, इथे बसा. मीच दत्ताराम, तन्वीचा बाप — पाटी वाचलीत ना, 'तन्वी टी स्टॉल', ती दुसरीत होती तेव्हा लावली. आता लोक म्हणतात बदल ती, नाहीतर वाटायचं पोलीसबाईच चहा विकते! साखर कमी? बरं. आणि मी नीट मराठीत बोलतोय ना? फोनवर बजावलंय तिने — बाबा, युनिव्हर्सिटीच्या मॅडम चौकशीला आपल्या कट्टा गावात येणार आहेत, मालवणीत सुटू नका. म्हटलं, गो, माका काय येडो समजतंस? — हे असं सुटतं बघा.

खरं सांगू, मला आधी ते पटलंच नव्हतं. भरतीला धावली, गोळा फेकला, लेखी झाली, नाव लागलं — मग आता आणखी कॉलेज कशाला? पोलिसाला काठी आली, शिट्टी आली की झालं. तर म्हणाली, नाही बाबा, आमच्या बॅचला ट्रेनिंगबरोबर युनिव्हर्सिटीचा डिप्लोमा पण आहे, सकाळी परेड आणि दुपारी वर्ग — कायदा शिकवतात, समाजशास्त्र शिकवतात, माणसांशी बोलायचं कसं ते सुद्धा शिकवतात. आमचा गंगाराम इथेच बसला होता, तो म्हणतो, माणसांशी बोलूक शिकवतत? मग ह्या दत्तारामाक पण घाला रे त्या वर्गात! — हसा हसा, मी पण हसलो. पण मॅडम, रात्री मी ती पुस्तकं उघडून बघितली. एवढी जाड. माझी मुलगी ती वाचते म्हटल्यावर — काय सांगू, माझी छाती फुगली. मी नववी नापास.

तर तो सर्व्हे. आठ दिवसांची सुट्टी, आणि त्यात गावातल्या एकेचाळीस घरांतून फॉर्म भरून आणायचे — पोलिसांबद्दल काय वाटतं, तक्रार करता येते का, असे नऊ प्रश्न. दोन दिवस ती घरोघर फिरली, पण कोण काय सांगणार हो? दारात गेली की आधी खोबऱ्याची वडी, मग लग्नाचं कधी, मग आमच्या पोराला भरतीचं काय ते सांग. सर्व्हे बाजूला. मग ती म्हणाली, बाबा, तुमच्याकडे चहाला सगळे येतात, एकेकाला एकेक फॉर्म द्या, घरी नेऊन ज्याचा त्याने भरायचा, माझ्यासमोर नको म्हणजे खरं लिहितील. आणि ती गेली मालवणला, तिथली माहिती गोळा करायला. एवढंच बोलली ती. आमची सीता — माझी बायको — मला म्हणाली, चेडवाच्या अभ्यासात हात घालू नुको हां. मी कुठे हात घातला? मी फक्त मदत केली.

कशी म्हणजे — आता तुम्हाला म्हणून सांगतो. सोमवारी देवळात आरतीला सगळे जमतातच, तर तिथेच वाटले. तर गंगाराम विचारतो, दत्तारामा, काय लिवला काय चेडू पास होतला? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता गावाची मुलगी, गावाची अब्रू — कोण वाईट लिहील? म्हटलं मी वाचतो प्रश्न. आता देवळात मी उभा, समोर सगळा गाव, आणि आमच्याकडे गाऱ्हाण्याची सवय ठाऊक आहे ना तुम्हाला? एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं 'व्हय म्हाराजा'. तर मी वाचलं, पोलीस वेळेवर येतात का? सगळे — व्हय म्हाराजा! नीट वागतात का? व्हय म्हाराजा! असा तालच लागला हो. चौथा प्रश्न, पोलिसांची भीती वाटते का? — व्हय म्हाराजा! आणि लिहून मोकळे! मग पुढच्या वाईट प्रश्नांना मीच मान हलवून 'नाही' सांगितलं. गंगारामाचा पंप गेल्या महिन्यात चोरीला गेला, त्याने सुद्धा चोरी नाही म्हणून लिहिलं, आणि त्याची बायको त्याला कोपराने ढोसते. मग काय, अतहरच्या दुकानातून व्हाइटनर आणला, एकच बाटली, आणि सगळ्यांचा चौथा —

हां. म्हणजे तुम्हाला दिसलंच होतं ते. चाळीस फॉर्म, चौथ्या प्रश्नावर चाळीस पांढरे डाग. बरोबर. आणि पेन पण एकच.

अहो पण ते तिला काय माहीत! ती मालवणला होती, संध्याकाळी येऊन तिने गठ्ठा उचलला, सकाळी गाडी पकडायची होती. तिची चूक नाही त्यात. काय — सर्व्हे रद्द म्हणजे? सगळाच? आणि डिप्लोम्याचं? मग सगळ्यांबरोबर तिचं पास होणं — अहो मॅडम, असं नका करू. मी लिहून देतो ना, मी, दत्ताराम, अमुक अमुक, मी घोळ केला. चहा राहू दे, मी दुसरा देतो, तो थंड झाला.

एक खरा फॉर्म मिळाला असता तरी चाललं असतं? एक आहे. आहे एक. एकेचाळिसावा, आमच्या घरचा. तन्वीने विचारलं होतं, बाबा एक कमी कसा? मी म्हटलं त्याच्यावर चहा सांडला. नाही सांडला. हा बघा, देवाच्या फोटोमागे ठेवलाय. देवळात बायका मागे बसतात, त्या दिवशी माझी बहीण तुळसा पण मागे होती, ती नाही बोलली 'व्हय म्हाराजा'. घरी आणून एकटीने भरला. आत आहे ती, भजी तळते — जरा हळू बोलू आपण. हा नववा प्रश्न वाचा. 'पोलिसांकडे जायचं होतं, पण जाता आलं नाही, असं कधी झालं का? कोणी अडवलं?' आणि खाली तिचं अक्षर. 'गेले होते. पायऱ्या चढले. घरच्या माणसाने परत आणले.'

तुमच्या युनिव्हर्सिटीने पण काय एकेक प्रश्न — काय? तुमचा नाही? आठच प्रश्न तुमचे? आणि नववा ज्याचा त्याने घालायचा. म्हणजे हा तन्वीचा.

तन्वीने घातला.

बारा वर्षं झाली मॅडम. धामापूरला दिली होती तुळसा. तिचा घोव, म्हणजे नवरा, प्यायला लागला की — हात मोडला होता तिचा, डावा, अजून सरळ होत नाही. मला कोणीतरी फोन केला, तुझी बहीण पोलिसांत चालली. मी स्कूटर काढली, तन्वी पुढे उभी, नऊ वर्षांची, सीता माहेरी गेलेली, तिला घरी कोणाकडे ठेवणार? पायऱ्यांवरच गाठली. म्हटलं, तुळसा, घरातली गजाल भायर कित्याक? चल. आणि ती आली हो. आणि मी तिला इकडे माझ्या घरी नाही आणली. तिथेच नेऊन सोडली, त्याच्याच दारात. वर त्याच्याकडे चहा पण प्यायलो. पुढे दोन वर्षांनी तिची तीच निघून आली, तेव्हापासून इथे आहे. त्या दिवसाचं ती कधी बोलली नाही. मी पण नाही. तन्वी तर लहान होती, मला वाटलं तिच्या काय लक्षात राहणार.

आणि बघा ना, माझं नाव पण नाही लिहिलं तुळसाने. घरच्या माणसाने, एवढंच. तुम्ही लिहा तिथे — दत्ताराम, भाऊ. लिहा, पेन आहे ना तुमच्याकडे? माझ्या मुलीची मेहनत फुकट जायला नको, माझी अब्रू जाऊ दे खड्ड्यात.

तिला विचारायला हवं म्हणता? हो. फॉर्म तिचा. बरोबर आहे. तिला तर वाटतंय तो कधीच गेला तुमच्याकडे. मी दाबून ठेवला हे पण सांगायला लागेल.

तुळसा! गो, गॅस बंद कर जरा. भायर ये. — नाही, तुम्ही नका थांबू मॅडम, ती बघा मालवण गाडी लागली. ती हो म्हणाली तर उद्या मी स्वतः फॉर्म घेऊन येतो तुमच्या ऑफिसात. पैसे राहू देत. जावा तुम्ही. ह्या माका एकट्यानच इचारूक होया. जावा.