शांतामावशींचा उघडा नळ

आमचं छत का गळलं माहितीये? वरच्या फ्लॅटमधल्या शांतामावशी नळ उघडा ठेवून पाण्याची वाट बघत बसल्या आणि भर दुपारी त्यांचा डोळा लागला. पाणी आलं ते थेट आमच्या कपाटात उतरलं.

विम्याचे साहेब पाहणीला आले. मी मावशींना हळूच म्हणालो, "पाइप फुटला म्हणा."

"खोटं कशाला? पाण्याचा आवाज ऐकला की मी. पण वाटलं, सपनच हाय. आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं न्हवं, तितंच हुते मी."

झालं, क्लेम गेला! पण साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, घर दिसलं का?"

"दिसलं की. दारात आई हुती. मग उठावंसंच वाटंना."